पांढरे कपडे, सशाची किंकाळी आणि बारा बोअर : कायोटीशी शंभर वर्षांचं भांडण

गेल्या डिसेंबरात माझा भाचा नेब्रास्कात एका शिकारी सामानाच्या दुकानात गेला होता. घ्यायचे होते फक्त हातमोजे. तिथून त्याने मला एका भिंतीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे काय प्रकरण आहे?"

फोटोत एका बाजूला पांढरेशुभ्र जॅकेट आणि पँट टांगलेल्या, त्यावर करड्या काटक्यांची छपाई. मधल्या फळीवर रिमोटवाले छोटे स्पीकर. उजवीकडे शॉटगन आणि काडतुसांचे डबे, डब्यावर कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचं तोंड. दुकानाचा एक अख्खा कोपरा एका प्राण्याला हिवाळ्यात मारण्यासाठी मांडलेला.

भाच्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं. आपल्याकडे बिबट्यावरून जे चाललंय त्याच्याशी याचा संबंध आहे असं वाटलं, म्हणून इथे टाकतोय. मोठं आहे, सवडीने वाचा.

तो प्राणी म्हणजे कायोटी. आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा, लांडग्यापेक्षा बराच लहान. नाव अझ्टेक लोकांच्या नहुआत्ल भाषेतल्या 'कोयोत्ल'वरून स्पॅनिशमध्ये आलं आणि तिथून इंग्रजीत. युरोपीय लोक अमेरिकेत आले तेव्हा कायोटीचा मुलूख मुख्यतः मधल्या आणि पश्चिमेकडच्या माळरानांवर होता. पूर्वेच्या जंगलात लांडग्यांचं राज्य होतं, आणि लांडगा आपल्या हद्दीत कायोटीला टिकू देत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लांडग्याच्या डोक्यावर बक्षीस लावायची पद्धत अमेरिकेत फार जुनी. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३० सालीच ती सुरू केली, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच वर्षी. पुढे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे गवे संपवले गेले आणि त्यांच्या जागी गुरं-मेंढ्या आल्या. लांडगे साहजिकच गुरांवर वळले. मग स्ट्रिक्निन हे विष घातलेलं मांस माळावर टाकून लांडगे मारणारी धंदेवाईक माणसं तयार झाली. त्या मांसाला तोंड लावणारं काहीच वाचत नसे. गिधाडं, कोल्हे, कुत्री, सगळी मरायची.

१९१५ साली अमेरिकी काँग्रेसने या कामासाठी सरकारी तिजोरीतून १,२५,००० डॉलर मंजूर केले. काम दिलं कोणाला? बायॉलॉजिकल सर्व्हे या खात्याला. प्राणी-पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी निघालेलं खातं आता पगारी शिकारी नेमू लागलं. यलोस्टोन नॅशनल पार्कमधले शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले. पुढे पर्यावरण विचाराचा मोठा माणूस ठरलेला आल्डो लिओपोल्डसुद्धा तरुणपणी याच मताचा होता. वनखात्यात नोकरीला असताना ॲरिझोनात त्याने स्वतः लांडग्यावर गोळ्या झाडल्या. लांडगे कमी झाले की हरणं वाढतील, असं त्याला मनापासून वाटायचं. आपण चुकलो हे त्याने पुढे लिहून ठेवलं. ते पुस्तक १९४९ साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने आलं.

लांडगा गेला आणि रिकाम्या घरात कायोटी शिरला.

मग युद्धाचं तोंड कायोटीकडे वळलं. मार्च १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी एका कायद्यावर सही केली आणि दहा वर्षांत एक कोटी डॉलर एवढा खर्च मंजूर झाला. महामंदीच्या ऐन काळात, बरं का! दुसऱ्या महायुद्धानंतर '१०८०' नावाचं जास्त जहाल विष आलं. लाखोंनी कायोटी मेले. आणि याच काळात कायोटी पूर्वेला सरकत गेला, उत्तरेला अलास्कात पोचला, दक्षिणेला पनामापर्यंत. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. १९९९ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक पकडला. शिकागोत तर २००० सालापासून शास्त्रज्ञ त्यांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास करताहेत आणि ते आपले रस्ते ओलांडत, उंदीर-घुशी खात आरामात जगताहेत.

१९७२ च्या फेब्रुवारीत निक्सन यांनी आदेश काढून सरकारी जमिनींवर आणि सरकारी कामात ही विषं वापरायला बंदी केली. (आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा.) आता विष नाही म्हटल्यावर उरलं काय? सापळे, सरकारी विमानं-हेलिकॉप्टरमधून गोळीबार, आणि खासगी माणसाच्या हातातली बंदूक. त्यात १९७० च्या दशकात लोकरी कातड्याचे भाव चढले. मोठ्या मांजरांच्या कातड्यांवर जगभर निर्बंध आले, तशी कोल्हा, बॉबकॅट, कायोटी यांच्या कातड्याला मागणी आली. कायोटीचं कातडं दाट आणि भारी असतं ते फक्त थंडीत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शेताची कामंही तेव्हा नसतात. भाच्याच्या फोटोतली भिंत उभी राहिली ती इथून.

आता त्या भिंतीवरच्या वस्तू एकेक करून बघू. आधी आवाज, कारण खरी करामत तिथे आहे.

शिकारी कायोटीच्या मागे जात नाही, त्याला बोलावतो. जखमी सशाची किंकाळी ऐकली की कायोटीला फुकटचं जेवण दिसतं. पूर्वी लोक ओठ दाबून किंवा गवताचं पातं अंगठ्यांत धरून हा आवाज काढत. टेक्सासमध्ये मॉर्टन बर्नहॅम नावाचा माणूस नुसत्या तोंडाने तो काढायचा. त्याच्या मुलांनी, मरी आणि विन्स्टन यांनी, १९५० च्या दशकात फुंकायच्या शिट्ट्या विकायला सुरुवात केली. मग त्याच टेक्सासमधल्या वेको गावच्या जॉनी स्टुअर्टने पुढची पायरी गाठली. खऱ्या प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड केले आणि १९६० च्या दशकात त्यांच्या तबकड्या विकायला काढल्या. बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन माणसं रानात बसायची! आपल्याकडे त्या काळात लग्नात लावायला ग्रामोफोन भाड्याने आणत, ते आठवा. तबकडीनंतर कॅसेट आली, मग १९९० च्या दशकात डिजिटल यंत्रं. पेनसिल्व्हेनियातली फॉक्सप्रो ही कंपनी त्यातली नावाजलेली. आता एका डबीत शेकडो आवाज मावतात. ससा, सुतारपक्षी, हरणाचं पाडस, कायोटीचं पिल्लू, आणि जानेवारी-फेब्रुवारीत माजावर आलेल्या कायोटीची हाक.

या यंत्राचा खरा फायदा आवाजाच्या गुणवत्तेत नाही, अंतरात आहे. तोंडाने शिट्टी फुंकली की कायोटी सरळ तुमच्याकडे बघत येतो. स्पीकर तीस-चाळीस मीटर लांब ठेवला की त्याची नजर स्पीकरवर आणि तुम्ही बाजूला. जोडीला एक हलणारी केसाळ शेपटी खुंटीला लावतात. पण कायोटीही कच्च्या गुरूचा चेला नाही. तो सहसा सरळ येत नाही, गोल फिरून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. म्हणून जाणता शिकारी वारा स्पीकर आणि स्वतःमध्ये आडवा ठेवतो आणि कायोटी कुठल्या वाटेने वळसा घेईल ती वाट बंदुकीच्या टप्प्यात धरतो. आवाज आधी हळू लावायचा, कारण तो जवळच झोपलेला असू शकतो. पंधरा-वीस मिनिटं हलायचं नाही. एकदा फसून वाचलेला कायोटी तोच आवाज पुन्हा ऐकून येत नाही, म्हणून नवेनवे आवाज विकले जातात. एका अर्थी कंपन्यांचा धंदा कायोटीच्या हुशारीवरच चालतो.

बंदूक कुठली, हे रानावर ठरतं. उघड्या माळावर दोनशे मीटरवरून रायफल. पण झाडी दाट असेल, ओढ्याकाठचं काटवण असेल, तर कायोटी अचानक वीस पावलांवर उगवतो आणि धावत असतो. तिथे शॉटगन. आपण जिला बारा बोअर म्हणतो तीच. बारा हा आकडा कुठून आला माहितीये? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जिच्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. नवख्यांची इथे हमखास फसगत होते.

काडतुसात बारीक छर्रे भरले तर कायोटीच्या जाड हिवाळी केसांतून ते नीट आत जात नाहीत, जनावर जखमी होऊन पळतं आणि चार दिवसांनी कुठेतरी मरतं. फार मोठे छर्रे घेतले तर ते संख्येने इतके कमी की चाळीस यार्डांवर दोन छर्‍यांच्या मधून जनावर निसटतं. म्हणून मधला आकार. चार नंबरचा बकशॉट, सुमारे सहा मिलिमीटर जाडीचा, तीन इंची काडतुसात असे एक्केचाळीस. अलीकडे टंगस्टनचे छर्रेही मिळतात. लहान आकारात जास्त वजन, म्हणून लांबवर जोर टिकतो. टंगस्टन आलं मात्र बदकांच्या दारातून. तळ्यात पडलेले शिशाचे छर्रे खाऊन बदकं मरत होती, म्हणून १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं देशभर बंद झालं. पर्याय शोधता शोधता टंगस्टन सापडलं आणि ते बदकावरून कायोटीवर आलं.

पंप की सेमी-ऑटोमॅटिक हा वाद तिकडे आपल्याकडच्या बुलेट-जावा वादासारखा आहे. पंप म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने दांडा मागेपुढे करायचा. १९५० साली आलेली रेमिंग्टन ८७० ही त्यातली घराघरातली बंदूक. सेमी-ऑटो भराभर उडते, धक्का कमी देते. पण उणे वीस अंशांत तेल घट्ट होतं, तिची यंत्रणा आळसावते, अडकते. पंपाला माणसाच्या हाताचा जोर असतो. शिवाय थंड बंदूक उबदार गाडीत आणली की तिला घाम फुटतो आणि परत बाहेर नेली की त्या पाण्याचा बर्फ होतो. शेवटी जाड हातमोज्यासकट बोट घोड्यापर्यंत जातंय का, हे दुकानातच बघून घ्यावं लागतं. भाच्याचे हातमोजे आणि ती भिंत शेजारी का होती, ते आता कळलं असेल.

पांढऱ्या कपड्यांची गोष्ट लष्करातून येते. १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडचे पांढऱ्या झग्यातले सैनिक बर्फात दिसेनासे व्हायचे आणि समोरचे रशियन गडद गणवेशात उठून दिसायचे. जगाने धडा घेतला. अमेरिकेनेही दुसऱ्या महायुद्धात डोंगरी लढाईसाठी दहावी माउंटन डिव्हिजन उभारली, कोलोरॅडोतल्या कॅम्प हेलला बर्फात पांढऱ्या पोशाखात तयार केली. शिकाऱ्यांसाठी खास छापील कापडाचा धंदा मात्र बराच उशिरा फोफावला. रिअलट्री आणि मॉसी ओक ही दोन मोठी नावं, दोन्ही १९८६ ची. त्याआधी लोक सरळ घरातली चादर पांघरून बसत, आणि खरं सांगायचं तर आजही चादर पुरते.

कायोटीच्या डोळ्याला निळा आणि पिवळा कळतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हरणांच्या हंगामात अनेक राज्यांत अंगावर भडक नारिंगी कापड सक्तीचं असतं, ते दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावं म्हणून. कायोटीला त्याचं काही विशेष वाटत नाही. तो पकडतो हालचाल आणि बर्फावरचा काळा ठिपका. म्हणजे चेहरा, हात आणि बंदूक. म्हणून बंदुकीलाही पांढरी पट्टी गुंडाळतात. अर्धवट वितळलेल्या बर्फात मात्र नखशिखांत पांढरा माणूस भुतासारखा उठून दिसतो. तिथे पँट पांढरी, जॅकेट मागच्या झुडपाच्या रंगाचं.

हे सोंग नवीन नाही. जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८३० च्या दशकात एक चित्र काढलंय. माळावरचे मूळनिवासी शिकारी पांढऱ्या लांडग्याचं कातडं पांघरून चार पायांवर गव्यांच्या कळपाकडे सरकताहेत. एकट्यादुकट्या लांडग्याला गवे बिचकत नसत. आपल्याकडचे गाय-पारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने हरणापर्यंत पोचायचे, तसलंच हे. फरक एवढाच की त्यांना पोटासाठी केलेल्या शिकारीवरून इंग्रजांनी आणि नंतर आपणही गुन्हेगार ठरवलं.

आता मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगतो. तो रेकॉर्ड केलेला आवाज अमेरिकेत बदकांच्या शिकारीत वापरायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. कारण काय? तो खेळाच्या नियमाबाहेरचा समजला जातो. प्राण्याला निसटायची संधी हवी, हंगाम हवा, रोजची मर्यादा हवी. हे सगळे नियम 'गेम' म्हणजे सन्मानाने मारायच्या प्राण्यांना. कायोटी त्यात नाही. बहुतेक राज्यांत त्याला हंगाम नाही, मर्यादा नाही, स्पीकर चालतो, कित्येक ठिकाणी रात्रीही चालतं. त्याच्या शिकारीत काय काय चालतं हे १९१५ आणि १९३१ च्या त्या दृष्टीने ठरवलं, जिच्यात तो उपद्रवी किडा होता. विष गेलं, पण ती यादी राहिली. दुकानातली भिंत त्या यादीवर उभी आहे.

मेंढपाळाची बाजू मात्र हसण्यावारी नेऊ नका. वसंतात कोकरं होतात तेव्हा कायोटी रात्रीत दोन-चार नेतो, आणि लहान कळपवाल्याची वर्षाची मिळकत त्यात जाते. शहरात बसून कायोटी गोंडस वाटणं सोपं आहे. प्रश्न असा की मारून नुकसान थांबलं का?

१९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॉनोली आणि लाँगहर्स्ट या दोघांनी गणित मांडलं. एखाद्या भागातले ७५ टक्के कायोटी दरवर्षी मारले, तरी ते संपायला पन्नासच्या वर वर्षं लागतील. मारलं की उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात, आणि बाहेरचे तरुण कायोटी रिकाम्या हद्दीत शिरतात. सरकारी खातं आजही वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं. युटाने २०१२ पासून एका कायोटीमागे ५० डॉलर बक्षीस लावलं. उलट कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीने २००० च्या सुमारास सरकारी शिकारी बंद केले आणि तो पैसा मेंढपाळांना कुंपण आणि राखणीच्या कुत्र्यांसाठी दिला. किती कायोटी मारले यावर बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर २०१४ साली कॅलिफोर्नियात, २०१८ साली व्हरमाँटमध्ये आणि नंतर आणखी काही राज्यांत बंदी आली. यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे परत आणून सोडले, तेव्हा उद्यानाच्या उत्तर भागात काही वर्षांत कायोटी जवळपास निम्म्यावर आले. सत्तर वर्षं सरकारला जे जमलं नाही ते मूठभर लांडग्यांनी केलं.

आता आपल्याकडे. बक्षिसांची पद्धत इंग्रजांनी इथेही चालवली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. आज जुन्नर-शिरूर पट्ट्यात उसात बिबट्या आणि घरात भीती आहे, माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. तिथल्या माणसाने 'मारा नाहीतर उचला' म्हणणं मी समजू शकतो. पण उचलण्याचा प्रयोग आपण एकदा केलाय. २००१ नंतर जुन्नर भागातून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्यावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेल्याचं दिसलं. उठवलेला बिबट्या नव्या मुलखात बावचळलेला, आणि इकडे त्याची हद्द रिकामी.

बिबट्या म्हणजे कायोटी नव्हे, हे मलाही कळतं. कायोटी माणसाच्या लेकराला सहसा हात लावत नाही. पण रिकाम्या हद्दीचं गणित दोघांचं सारखंच आहे. म्हणून पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा पिंजरे किती लावले एवढंच विचारू नका. पकडलेला बिबट्या कुठे नेला, त्याच्या जागी पुढच्या सहा महिन्यांत काय आलं, गोठ्याला आणि मेंढरांच्या वाड्याला बंदिस्त जाळीसाठी पैसे कोणाकोणाला मिळाले आणि शेळीची भरपाई किती दिवसांत आली, हे लेखी मागा.

भाच्याने एवढं सगळं वाचून उत्तर पाठवलं ते आवाजाचं. त्याच्या बिल्डिंगमागच्या नाल्यात रात्री नऊ वाजता कायोटी ओरडत होते. आठ-दहा तरी असतील, असं तो म्हणाला. त्याला सांगितलं की दोनच असणार. ते सूर असे भराभर बदलतात की दोघांची टोळी वाटते.